घूं, खरखर, सूं आणि शिट्टी: खाऱ्या वाऱ्यातल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या सतरा गोष्टी

कार्तिक उजाडला की मालवणच्या किनाऱ्यावर स्पीकरचे खोके घराबाहेर पडतात. दहीकाल्याची नाटकं, जत्रा, भजनाची डबलबारी, बेंजोची वरात, तारकर्लीच्या वाळूत गिटार घेऊन बसलेली पोरं. पेटीच्या भात्यात हवा भरायच्या आधीच स्पीकर बोलायला लागतो आणि मागून हाक येते, "अरे, घूं घूं करता मरे ह्यां!"

त्या हाकेतच निम्मं निदान आहे. नको असलेल्या आवाजासाठी मराठीत एक शब्द नाही, भरपूर आहेत. घूं वेगळी, खरखर वेगळी, सूं वेगळी, शिट्टी वेगळी. प्रत्येक शब्द वेगळ्या बिघाडाचा पत्ता सांगतो. त्या पत्त्यांवर एक फेरी मारून येऊ.

1. घूं म्हणजे पांढरी पाच

आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते. अ‍ॅम्प्लिफायर तिला सरळ करतो तेव्हा लाटेचा वरचा उंचवटा आणि खालचा खळगा दोन्ही वापरतो, त्यामुळे उरलेली थरथर 100 हर्ट्झची होते. पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी पाचचा खर्जातला सूर 98 हर्ट्झचा असतो. म्हणजे आपली घूं ही जेमतेम चढी पांढरी पाच! गिटारवाल्यांनी सगळ्यात जाड तार तिसऱ्या पडद्यावर दाबून ताडून पाहावं. अमेरिकेत वीज 60 वेळा हेलकावते, म्हणून तिथली घूं काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळते.

2. घूं जाड की किंचित धारदार?

50 हर्ट्झची घूं 100 च्या बरोबर एक सप्तक खाली. जाड, पोटात घुमणारी घूं बहुतेक वेळा बाहेरून येते: केबल, पिकअप किंवा अर्थिंग. जरा वरची, भुंग्यासारखी घूं गिटार काढून ठेवली तरी चालूच राहिली, तर संशय पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर घ्यावा. त्याच्या आतलं ओलं रसायन वर्षांगणिक सुकतं. मेकॅनिकांचा ठोकताळा असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. भर दुपारी पत्र्याच्या मांडवात अ‍ॅम्प्लिफायर उन्हात ठेवणं म्हणूनच महागात पडतं.

3. तारांना हात लावला की गप्प

गिटारच्या तारांवर बोटं टेकली की घूं कमी होते, उचलली की वाढते. यात बिघाड काही नाही. आपलं शरीर आसपासच्या वायरिंगची थरथर गोळा करणारा मोठा अँटेनाच असतं. तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात, म्हणून बोटं टेकताच शरीरही अर्थला जोडलं जातं आणि अँटेना थंडावतो. उलटं झालं, म्हणजे हात लावल्यावर घूं वाढली किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर तिथेच थांबा आणि मेन स्विच बंद करा.

4. वरातीतल्या बेंजोचं माहेर जपान

कोकणातल्या वरातीला नाचवणारा बेंजो अमेरिकन बँजोचा कुणी लागत नाही. तो बुलबुल तरंग, आणि बुलबुल तरंग उतरलं जपानच्या ताइशोगोतोपासून. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी ते वाद्य 1912 मध्ये घडवलं. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि तारा छेडायच्या. पुढे आपल्याकडे त्याच्या तारांखाली गिटारसारखा चुंबकी पिकअप बसला. त्याबरोबर गिटारच्या सगळ्या कटकटीही आल्या. म्हणून या लेखातलं गिटारचं प्रत्येक निदान बेंजोलाही लागू पडतं.

5. केसाहून बारीक, हजारो वेढे

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. प्रसिद्ध जुन्या गिटारींमध्ये ती सुमारे 0.06 मिलिमीटर जाडीची असते आणि वेढे सात-आठ हजार. लोखंडी तार थरथरली की या कॉइलमध्ये वीज उमटते. पण कॉइलला तारेची थरथर आणि शेजारच्या ट्रान्सफॉर्मरची थरथर यांत फरक करता येत नाही. एक सोपा प्रयोग करा: गिटार हातात धरून जागच्या जागी हळूहळू वळा. एका दिशेला घूं जवळजवळ मावळते. खुर्चीची दिशा तिथेच ठरवून टाका.

6. दोन कॉइल, एक भांडण, शांतता

गिब्सन कंपनीचे इंजिनिअर सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये एका पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात दोन कॉइल शेजारीशेजारी, वेढे एकमेकांच्या उलट आणि चुंबकाची टोकंही उलट. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो. बाहेरून आलेली घूं एकीत सुलटी आणि दुसरीत उलटी पडते, आणि बेरीज शून्य होते. हाच तो हंबकर. गिटार एका कॉइलची असेल आणि कार्यक्रम ट्रान्सफॉर्मरशेजारच्या मांडवात असेल, तर मागून दोन कॉइलची गिटार आणावी.

7. सुंभाचा पीळ

किनाऱ्यावर काथ्याचा सुंभ कुणाला माहीत नाही? दोन पेड एकमेकांभोवती पिळले की दोरी तुटत नाही. दोन तारा अशाच पिळल्या की आवाज आत शिरत नाही. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी 1881 मध्ये याचं पेटंट घेतलं. पिळामुळे बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांना सारखाच चिकटतो. पलीकडचं यंत्र फक्त दोघींमधला फरक मोजतं, त्यामुळे जे सारखं ते वजा होतं आणि गाणं उरतं. मायकाच्या तीन पिनांच्या केबलमध्ये हीच युक्ती असते. म्हणून ती मांडवभर फिरवली तरी शांत राहते. गिटारच्या साध्या केबलला हा पीळ नाही. ती पाच-सहा मीटरच ठेवावी आणि पुढचं अंतर डीआय बॉक्स (गिटारचा आवाज तीन पिनांच्या केबलजोगा करणारी डबी) लावून तीन पिनांच्या केबलनं कापावं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सगळी करामत पिळाचीच.

8. मिठाला पाणी सुटतं, जॅकलाही

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. शिरोड्याची मिठागरं ज्या समुद्रावर पिकतात, त्याच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटताना उडालेले त्यातले सूक्ष्म कण वारा थेट तुमच्या मिक्सरवर आणून बसवतो. रात्री दमट हवेत त्या कणांचं खारं पाणी होतं आणि जॅकच्या दोन टोकांमध्ये चोरवाट तयार होते. सकाळी ऊन पडलं की थर सुकतो आणि करकर गायब. मेकॅनिककडे नेल्यावर अ‍ॅम्प्लिफायर शहाण्यासारखा वागतो, त्याचं रहस्य हेच.

कोरड्या हवेच्या गावांत थंडीत गिटारच्या प्लास्टिक पट्टीवर घर्षणाची वीज साठते आणि बोट फिरवलं की चटचट आवाज येतो. आपल्या किनाऱ्यावरची दमट हवा तसा भार टिकू देत नाही. इथे चटचट ऐकू आली तर आधी मीठ आणि गंज शोधा.

9. कळकलेला जॅक

पितळी भांड्यातलं ताक कळकतं हे आजीला माहीत होतं. तांब्या-पितळेला आंबट-खारट लागलं की हिरवा थर चढतो. केबलच्या टोकातली तांब्याची जाळीही तशीच हिरवी पडते. हिरव्या थरातून वीज धड जात नाही, त्यामुळे केबल हलवली की करकर, स्थिर ठेवली की शांत. औषधांच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन जॅक पुसावा. जॅक दहा-वीस वेळा आत-बाहेर केला तरी बराच थर खरवडून निघतो. काम झाल्यावर केबल पेटीत ठेवताना सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. मिठाच्या बरणीत आपण तांदळाचे दाणे टाकतो, त्यामागचा हेतूही हाच.

10. फिरवलं की खरखर

आवाजाचं बटण फिरवतानाच खरखर येत असेल, तर निदान पक्कं. आतल्या कार्बनच्या पट्टीवर सरकणारी पितळी जीभ धुळीत अडखळतेय. वीज बंद करून आत कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारावा आणि बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीसेक वेळा फिरवावं. खोबरेल तेल किंवा रॉकेल अजिबात नको. दोन्ही धूळ धरून ठेवतात आणि खरखर पुन्हा वाढते.

11. नवसागर कल्हईला, राळ सोल्डरला

कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतो, धूर निघतो आणि कथील चकचकीत पसरतं. नवसागर धातूवरचा गंज खाऊन टाकतो. अ‍ॅम्प्लिफायरमधलं सोल्डरही कथलाचंच, जुन्या प्रकारात 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसं. पण तिथे नवसागर किंवा आम्लाचा फ्लक्स चालत नाही. तो काम झाल्यावरही धातू खात राहतो आणि कालांतरानं सांधा सुटतो. सोल्डरला लागते राळ. चीडाच्या झाडाची तीच राळ, जी लोकनाट्यात मशालीवर टाकली की भपकन ज्वाळा उठायची आणि देव-राक्षसांच्या प्रवेशाला उजेड व्हायचा.

12. तेच मीठ, पण जमिनीत

जॅकमध्ये शत्रू असलेलं मीठ अर्थिंगच्या खड्ड्यात मित्र होतं. खड्ड्यात कोळसा आणि मीठ थराथरानं भरतात. कोळसा ओल धरतो, मीठ त्या ओलीतून वीज वाहू देतं. आपल्या सड्यांवर जांभा दगड. त्याच्या भोकाभोकांतून पाणी झिरपून जातं आणि मार्च-एप्रिलमध्ये वरचा थर कोरडाठाक पडतो. कार्तिकात सुरू झालेला जत्रांचा हंगाम या कोरड्या दिवसांपर्यंत चालतो. अर्थिंग असूनही घूं येत असेल, तर कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी खड्ड्यात दोन-चार बादल्या पाणी ओतायला सांगा. जनरेटर असेल तर त्याचीही अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

13. तिसरी पिन लांब का असते?

आपल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थची पिन जाड आणि लांब असते. प्लग लावताना ती सगळ्यांत आधी टेकते, काढताना सगळ्यांत शेवटी सुटते. विजेचा एक क्षणही अर्थशिवाय जाऊ नये, एवढी तिची काळजी.

केबलनं एकमेकांना जोडलेली दोन यंत्रं वेगवेगळ्या सॉकेटवर लावली की अर्थचं वर्तुळ तयार होतं आणि घूं सुरू होते. काही जण ती घालवायला तिसरी पिनच तोडतात. हे कधीही करू नका. 3 मे 1972 रोजी वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस हार्वी हा सत्तावीस वर्षांचा गिटारवादक रंगमंचावरच विजेचा धक्का बसून गेला. हातात गिटार होती आणि त्यानं स्पर्श केलेल्या मायकाला नीट अर्थ नव्हता. घूं घालवायची असेल तर सगळी यंत्रं एकाच बोर्डावर आणा, आणि बोर्डाच्या आधी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा. गाणाऱ्याचा जीव घूंपेक्षा मोठा.

14. पंख्याचा रेग्युलेटर गुणगुणतो

घरात सराव करताना आलेली धारदार, करवतीसारखी घर्र बऱ्याचदा पंख्याच्या गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची असते. तो विजेची लाट सेकंदाला 100 वेळा मध्येच कापतो आणि प्रत्येक काप रेडिओलहरींचा तुषार उडवतो. रंगमंचावरचे डिमरही हेच करतात. पंखा क्षणभर बंद करा. घर्र गेली तर चोर सापडला. रंगमंचावर दिव्यांची लाइन आणि आवाजाची लाइन वेगळी घ्या. वायरी एकमेकींना छेदणारच असतील, तर फुलीसारख्या काटकोनात छेदू द्या. शेजारीशेजारी लांबवर धावू देऊ नका.

15. टिर्र टिर्र, आणि मग फोन वाजतो

जुन्या पद्धतीचा मोबाइल वाजण्याआधी स्पीकर "टिर्र टिर्र" करतो. 2जी फोन सतत बोलत नाही, सेकंदाला सुमारे 217 वेळा छोट्या झटक्यांत बोलतो. झटके वायरीत शिरतात आणि स्पीकरमधून ऐकू येतात. 4जीमध्ये हा त्रास बराच कमी झाला, पण नेटवर्क अशक्त असलेल्या वाडीत फोन पुन्हा 2जीवर उतरतो आणि ताकदही वाढवतो. मिक्सरवर ठेवलेला फोन दोन हात लांब नेला की काम झालं.

कधी स्पीकरमधून चक्क आकाशवाणी ऐकू येते! गंजलेला सांधा वीज एका दिशेनं जास्त आणि दुसरीकडे कमी जाऊ देतो. रेडिओतला डिटेक्टरही नेमकं हेच करतो. जगदीशचंद्र बोस यांना शिशाच्या खनिजावर आधारलेल्या अशाच डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट 1904 मध्ये मिळालं. तुमच्या केबलनं तेच काम फुकटात केलं, इतकंच. सांधा साफ करा, बातम्या थांबतील.

16. सूं: विश्वाचा आवाज

सगळं नीट आहे, तरी व्हॉल्यूम वाढवला की पावसासारखी "सूं" येते. ती पूर्णपणे घालवता येत नाही, कारण ती पदार्थाच्या उष्णतेतून येते. साध्या रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन सतत वळवळत असतात. अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन संस्थेतले जॉन जॉन्सन यांनी ही सूं मोजली आणि हॅरी नायक्विस्ट यांनी तिचं गणित मांडलं. दोन्ही लेख 1928 मध्ये आले. 10 हजार ओहमच्या रेझिस्टरमधून आपल्या कानांच्या टप्प्यात दोन मायक्रोव्होल्टच्या आसपास सूं निघते. ती कमी ठेवायची असेल तर गिटारचा आवाज पूर्ण उघडा आणि अ‍ॅम्प्लिफायरचा गेन गरजेपुरताच. जुन्या कार्बनच्या जागी मेटल फिल्म रेझिस्टर लावले की सूं आणखी उतरते.

याच बेल लॅबमध्ये कार्ल यान्स्की रेडिओ-टेलिफोनमधल्या खरखरीचं मूळ शोधत होते. 1933 मध्ये त्यांनी जाहीर केलं की त्यातली एक सूं आकाशगंगेतून येते. रेडिओ खगोलशास्त्र तिथे जन्मलं. 1964 मध्ये तिथल्याच पेन्झियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी अँटेनातली कबुतरांची विष्ठासुद्धा धुवून काढली. तरी सूं जाईना. ती विश्वाच्या बाल्यावस्थेतली ऊब होती, आणि त्या शोधाला 1978 चं नोबेल मिळालं. नारायणगावजवळच्या खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. तिची जागा निवडताना माणसांचा रेडिओ-गोंगाट कुठे कमी आहे हेही पाहिलं होतं. शांत अर्थिंग शोधणारा साउंडवाला आणि शांत डोंगर शोधणारा शास्त्रज्ञ एकाच वाटेवर चालतात.

17. शिट्टी, आणि बिघाडाचं सोनं

माईक स्पीकरसमोर गेला की कानठळ्या बसवणारी शिट्टी. माइकातून स्पीकरमध्ये, स्पीकरातून पुन्हा माइकात, प्रत्येक फेरीला आवाज मोठा. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावानं याला लार्सन परिणाम म्हणतात. उपाय जुनाच: स्पीकर माईकच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे, आणि गाणारा माईकच्या जवळ.

पण सगळेच बिघाड दुरुस्त केले असते तर रॉक संगीत फिकं पडलं असतं. 1961 च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मिक्सरचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा आवाज फाटून घरघरला. तो तसाच ठेवला गेला. 1962 मध्ये हा फाटका आवाज मुद्दाम काढणारं फझ-टोन नावाचं पेडल बाजारात आलं.

चौकट: दोन मिनिटांत पत्ता शोधा

• गिटारची केबल अ‍ॅम्प्लिफायरमधून काढा. आवाज गेला? दोष गिटार किंवा केबलमध्ये. राहिला? अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा विजेत.
• व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरी घूं तशीच? पॉवर सप्लाय पाहा.
• दुसरी केबल लावा. सगळ्यांत जास्त चोर इथेच सापडतात.
• दिवे, पंखे, चार्जर एकेक करून बंद करा.
• अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचा असेल तर लाकडी पेन्सिलीनं व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून टणकन घुमलं तर तो व्हॉल्व्ह बदलायचा.
• खोका उघडायचं काम जाणत्या मेकॅनिकचं. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये प्लग काढल्यावरही कपॅसिटरात 400 व्होल्टपर्यंत वीज दबा धरून बसलेली असते.

आणि मेकॅनिककडे गेलात की "आवाज येता" एवढंच सांगू नका. कोणता, ते सांगा. घूं की खरखर, सूं की टिर्र. हलवल्यावर की फिरवल्यावर, रात्री की उन्हात. नेमका शब्द सांगितलात तर त्याचा पाना थेट योग्य स्क्रूवर जाईल, आणि पुढच्या दहीकाल्याला पहिली थाप पडेल तेव्हा स्पीकरमधून फक्त पखवाज ऐकू येईल.